सुतकात चालणारं यंत्र

आमच्या सांगलीच्या स्टुडिओतला माईक फार नाजूक प्रकृतीचा होता. भिंतीतली वीज त्याला सोसत नसे. त्याला दोनशे व्होल्टचा, जराही न थरथरणारा पुरवठा लागायचा. लढाईआधी तो बॅटऱ्यांवर चालायचा. लढाई संपली, तशा बॅटऱ्याही संपल्या. म्हणून मालक गोपाळकृष्णपंतांनी पलटणीतून सुटून आलेल्या लालासाहेबाला आणलं. फौजेत तो वायरलेसवर होता. त्यानं पुरवठ्याचं यंत्र बांधायचं, त्यावर गायिका शालूबाईंचं गाणं स्वच्छ मुद्रित झालं तर नोकरी कायम, नाहीतर परत कोरेगावला उसात, असं ठरलं. लालासाहेबाला ऊस आवडत नसे. उसाचं त्याच्याबद्दल काय मत होतं ते समजलं नाही.

लष्करी भंगारातून त्यानं यंत्र उभं केलं. वर चिनीमातीची दोन पांढरी बोंडं होती, त्यांतून माईकला वीज जायची. पंतांना ती बोंडं फार देवासारखी वाटली. रोज सकाळी ते त्यांना ओलं हळदकुंकू लावत, वर पळीभर पाणी शिंपडत आणि मग म्हणत, "चालू करा."

चालू केलं की माईकमधून कुणीतरी भजी तळत असल्याचा आवाज यायचा.

लालासाहेबानं यंत्र सोडलं, पुन्हा जोडलं. पुन्हा जोडलं म्हणजे नवं झालं, म्हणून पंतांनी आणखी थाटात पूजा केली. भजीही थाटात तळली गेली. मी तबलजी. मला वाटलं तबल्याचं काही चुकतंय, म्हणून मी शाई बदलून घेतली.

इतक्यात वाईला पंतांचे एक चुलते वारले. घराण्याला सुतक आलं, पूजा बंद झाली. लालासाहेबानं फडक्यानं बोंडं पुसली आणि यंत्र चालू केलं. माईक असा गप्प झाला, की मला माझाच श्वास ऐकू येऊन लाज वाटली. सुतकभर यंत्र झकास चाललं. सुतक फिटल्यावर मुहूर्तानं शालूबाईंना बोलावलं, पंतांनी मनापासून पूजा केली, आणि बाईंच्या पहिल्याच आलापात भजी पडली. पुढल्या महिन्यात शेवटचं येईन म्हणून बाई निघून गेल्या.

लालासाहेबानं मला बाहेर नेलं. "गड्या, बोंडावरच्या ओल्या कुंकवातनं वीज पाझरतीया. तवाच तडतडतंय."

"मग पंतांना सांग की."

"देवाच्या कुंकवानं बिघडतंय म्हनू? आजच कोरेगाव दावतील मला."

त्याला काही सांगावंच लागलं नाही. पंतांनी आपल्या बुद्धीनं छडा लावला होता. दुसऱ्या दिवशी आम्हांला बसवून ते शांतपणे म्हणाले, "हे यंत्र फक्त सुतकात चालतं." लालासाहेबानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "व्हय जी, चालतंय खरं."

आता प्रश्न सुतक आणायचं कुठून हा होता. भाऊबंदांपैकी कुणी आजारी नव्हतं. पंत जरा खिन्न झाले. मग त्यांना आठवलं, की जन्माचंही सुतक असतं, सोयर म्हणतात ते, आणि त्यातही पूजा बंद असते. उंब्रजच्या चुलतभावाशी त्यांचं बांधावरून अनेक वर्षं वाकडं होतं, पण त्याच्या सुनेला, सुहासिनीला, नववा महिना लागला होता. पंत स्वतः जाऊन भांडण मिटवून आले. बांध देऊन टाकला. भावाला काही उमगेना. तो रडला.

सुहासिनीला मुलगी झाल्याची तार आली आणि पंतांनी शालूबाईंकडे टांगा पाठवला. पूजा नाही, पाणी नाही. बाई गायल्या. गाणं इतकं स्वच्छ उतरलं, की शेवटी पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सोयर असल्यामुळे त्यांनी आनंद मोठ्यानं केला नाही.

लालासाहेबाची नोकरी कायम झाली. काम मात्र थोडं वाढलं. पंतांचं गोत वाई, उंब्रज, तासगाव असं पसरलेलं. तिथं फिरून कुणाला दिवस गेलेत, कुणाचा खोकला वाढलाय, याची बातमी तोच आणतो, आणि तसं गाणाऱ्यांना कळवलं जातं. परवा तो मोसंबी घेऊन तासगावच्या आजोबांना भेटून आला. मी विचारलं, कसे आहेत?

"लय ठणठणीत हायत," तो म्हणाला, आणि डोक्याला हात लावून बसला.