तिंतोच्या दातांतलं पोतं

मी पोत्याचा एक तुकडा बोलतोय. वीतभर रुंद, हातभर लांब, मधोमध एक गाठ. दोन्ही टोकांचे धागे सुटलेत आणि अंगभर दातांच्या खुणा आहेत. अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत, ओल्या बुटांच्या वर एका खिळ्याला मी टांगलेला असतो. मला पाहून कुणालाही वाटेल, हे फेकायचं राहून गेलंय. मलाही पुष्कळदा तसंच वाटतं. थकलोय मी.

माझा जन्म डोंगरउतारावरच्या घायपातीच्या कुंपणात झाला. दोन्या एतेल्विना, म्हणजे एतेल्विनाबाई, नावाच्या एका म्हातारीने काटेरी पानं कापली, खरवडली, ओढ्यात धुतली आणि वाख तारेवर वाळत घातला. पानांच्या चिकाने तिच्या हातांना कायम खाज सुटलेली असे. ती मनगटं खाजवायची, दोन शिव्या द्यायची आणि पुन्हा सुतळी वळायला बसायची. त्या सुतळीचा मी झालो. कॉफीचं पोतं.

कोलंबियातल्या आमच्या डोंगरांत चांगली कॉफी परदेशी जाते आणि उरलीसुरली आम्ही उकळून पितो. मीही कधीतरी जहाजात बसेन असं मला वाटे. पण खेचराच्या पाठीवरून दोन हंगाम वाहून झाल्यावर उंदराने माझा कोपरा कुरतडला आणि मी मागे राहिलो. मग माझ्यात बटाटे भरले, नंतर कोळसा भरला, आणि शेवटी मला अग्निशमन केंद्राच्या दारात पाय पुसायला टाकलं. माणसं पाय पुसताना समोर पाहतात, खाली कधीच पाहत नाहीत. तिथे पडल्यापडल्या मला सगळ्यांचे तळवे ओळखू येऊ लागले, चेहरे मात्र नाहीत.

आणि मग तिंतो आला.

आमच्याकडे काळ्या कॉफीला तिंतो म्हणतात. हे पिल्लू तसंच काळंभोर होतं, म्हणून तेच नाव पडलं. त्याला आणलं नुबियाने. ती दिवसा शाळेचे गणवेश शिवायची आणि भोंगा वाजला की शिलाईयंत्र तसंच सोडून केंद्रात धावायची. इथले सगळे असेच, आपापलं काम सांभाळून आग विझवणारे. ढिगाऱ्याखाली अडकलेली जिवंत माणसं वासाने शोधणारा कुत्रा आपल्या गावात असावा, हा नुबियाचा ध्यास होता.

पण तिंतोला कशाचीच हाव नव्हती. माणूस शोधलं की बक्षीस द्यायचं, अशी शिकवण्याची रीत. नुबियाने सॉसेज दिलं, त्याने तोंड फिरवलं. कोंबडीची कलेजी दिली, त्याने ती हुंगून तिच्याच बुटावर ठेवली. चेंडू फेकला, तर तो चेंडूकडे आणि मग तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू म्हणत होता, तूच टाकलास, तूच आण.

"कलेजी नको, सॉसेज नको!" कॅप्टन आर्सेसियो दारात उभे राहून म्हणाले. "नुबिया, हा कुत्रा आहे की बिशपचा भाचा?"

"त्याला काय आवडतं ते मला सापडायचंय अजून, कॅप्टन."

"कुत्र्याने माणसं शोधायची, आणि इथे माणूसच कुत्र्यासाठी बक्षीस शोधतंय. छान!"

कॅप्टन तेव्हा माझ्यावर उभे होते. तिंतोने माझं टोक दातांत धरलं आणि मागे रेटा देऊन असं ओढलं, की कॅप्टन धप्पकन खाली बसले. सगळं केंद्र हसलं. तिंतो मात्र मला सोडेना. नुबियाने माझं दुसरं टोक धरलं, तशी त्याची शेपटी चाबकासारखी फिरू लागली.

"मिळालं!" ती ओरडली.

"माझी कंबर मोडली त्याचं काही नाही ना," कॅप्टन कण्हत म्हणाले.

तिने कात्रीने माझा एक तुकडा कापला, त्याला गाठ मारली. उरलेलो मी कुठे गेलो, ठाऊक नाही.

पुढे मला कळलं की कुत्र्यांच्या आवडी अशाच तऱ्हेवाईक असतात. खालच्या गावातल्या कुत्र्याला अंगावर पाण्याचा फवारा लागायचा. एकीला मक्याचं सोललेलं कणीस हवं असायचं, दाणे काढून टाकलेलं. आणखी एकीची तर अशी अट होती की तिच्या मालकाने गाणं म्हणायचं, तेही बेसूर.

बक्षिसाचं आयुष्य मात्र कंटाळवाणं. मी फुकट मिळून चालत नाही, म्हणून मला सदा लपवलेलं. सरावात कुणीतरी फळ्यांखाली दडून बसायचं, मी त्याच्या खिशात. तिंतो शोधत यायचा, भुंकायचा, आणि मग दडलेल्या माणसाने बाहेर येऊन मला त्याच्याशी ओढायचं, हसायचं, त्याला शाबासकी द्यायची. नुबियाचा नियम कडक होता. "नुसतं पोतं हलवू नका. त्याला पोतं नकोय. आपण सापडल्याचा आनंद झालेलं माणूस हवंय त्याला. खोटं हसलात तर त्याला कळतं."

मग एका वर्षी पाऊस थांबेचना. एके दुपारी, घरोघर जेवणाची ताटं वाढलेली असताना, लास दालियास वस्तीवर डोंगर खाली आला.

मी नुबियाच्या कोटाच्या खिशात होतो. सकाळी जाताना ओला, संध्याकाळी येताना ओला, आणि एकदाही कुणी न ओढलेला. कॅप्टन हात वर करायचे, यंत्रं बंद व्हायची, फावडी थांबायची, सगळे श्वास रोखून उभे राहायचे. तिंतो चिखलावरून फिरायचा. जिवंत माणसाचा वास आला तरच भुंकायचं, हे त्याला शिकवलेलं. तो भुंकला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही. एके सकाळी तो ढिगाऱ्याच्या कडेला आला, पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि उठेचना.

"पाय दुखावलाय का?" कॅप्टननी विचारलं.

"पाय ठीक आहे. त्याला वाटतंय, आता इथे कुणी सापडतच नाही." नुबियाचा आवाज खरखरीत झाला होता. "याला एकदा कुणीतरी सापडायला हवं. कुणीतरी लपा."

फाबियान नावाचा जवान पत्र्याखाली लपला. तिंतो सावकाश गेला, त्याला हुंगलं, पत्र्यावर पाय वर केला आणि परत येऊन बसला.

"मला काय पाहिलेलं नाही का त्याने," पत्र्याखालून फाबियान म्हणाला. "बारशापासून ओळखतो तो मला. अनोळखी माणूस आणा."

तिथे दोन्या लिगिया उभ्या होत्या. रोज खोदणाऱ्यांसाठी त्या मोठ्या पातेल्यातून गरम गुळाचं पाणी आणायच्या. त्यांचा नवरा एलिएसेर त्या दुपारी घरातच होता, आणि घर त्या चिखलात होतं.

"मी लपते," त्या म्हणाल्या.

"नाही, दोन्या लिगिया. तुम्ही नको."

"का? मी अनोळखी आहे. मी जिवंत आहे."

"त्याच्याशी हसून खेळावं लागतं हो. मनापासून. आत्ता तुम्हाला ते कसं सांगू मी?"

"पोरी, माझं माणूस आत आहे," त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "हा कुत्रा बसून राहिला तर शोधणार कोण? तू शोधशील नाकाने? दे ते काय द्यायचंय ते."

नुबियाने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांच्या हाताला गुळाचा वास होता. त्या पत्र्याखाली वाकून शिरल्या, चिखलात आडव्या झाल्या आणि मला छातीशी धरलं. बाहेर सगळं गप्प झालं. त्यांचं काळीज माझ्या गाठीवर धडधडत होतं. त्या पुटपुटल्या, "एवढा अंधार."

मग पंजांचा आवाज आला. पत्र्याच्या फटीत काळं नाक घुसलं, एक क्षण थांबलं, आणि तिंतो भुंकला. तो आवाज कसा असतो, हे मीही विसरलो होतो.

पत्रा उचलला. लिगिया उठून बसल्या आणि मला पुढे केलं. "शा..." त्या म्हणाल्या. शब्द पुढे सरकेना. त्यांनी मला नुसतं हलवलं. तिंतोची शेपटी अर्ध्यावर थांबली. नुबियाने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात तिंतोने स्वतःच माझं टोक धरलं आणि हिसका दिला. लिगियांनी सोडलं नाही. त्या बसल्याबसल्या चिखलातून घसरत गेल्या, थेट त्यांच्याच पातेल्यावर जाऊन आदळल्या, पातेलं कलंडलं, आणि गुळाचं पाणी कॅप्टनच्या बुटांत गेलं.

"माझ्याच मागे का लागलाय हा!" कॅप्टन ओरडले.

आणि लिगिया हसल्या. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी पुढे वेगळं झालं, पण त्यांनी मला सोडलं नाही. "शाब्बास रे काळ्या! ओढ! अजून ओढ!" माझे कितीतरी धागे तेव्हा तुटले. मी कधी इतका दुखलो नव्हतो.

तिंतो परत ढिगाऱ्यावर गेला, शेपटी वर करून. त्याच दिवशी दुपारी, एका तिरक्या भिंतीपाशी तो भुंकला.

सगळे धावले. लिगिया सगळ्यांच्या पुढे होत्या. विटा हातोहात निघाल्या. आतून आधी एक हात आला, मग पांढरं डोकं. ते दोन घरं पलीकडचे म्हातारे चांभार एव्हारिस्तो होते. जिवंत. ओठ फुटलेले, पण पाणी मागत होते. त्यांची सून किंचाळली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. नुबिया त्या भोकात अर्धी उतरून म्हाताऱ्याचा हात धरून बोलत होती. तिचा कोट बाहेर फावड्यावर लटकत होता, त्यात मी.

तिंतोकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो एकेकापुढे जाऊन भुंकत होता. मी शोधलं ना? मग?

लिगिया बाजूला उभ्या होत्या. त्यांनी म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला होता. तो एलिएसेरचा नव्हता. मग त्या फावड्यापाशी आल्या आणि कोटातून मला काढलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"काय रे काळ्या," त्या म्हणाल्या. "ये इकडे. शाब्बास! कुणाला शोधलंस तू? आं? कुणाला शोधलंस?"

त्यांनी ओढलं, तिंतोने ओढलं. आवाज आनंदाचा होता. हात मात्र आनंदाचे नव्हते.

एलिएसेर नंतर सापडले. फावड्यांना. तिंतो जवळच होता, भुंकला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तिंतोचं तोंड पांढरं झालंय, पुढचे दात गेलेत. तो चुलीपाशी झोपतो, आणि मला कुणी खाली काढत नाही. नुबिया आता गुळाच्या रंगाच्या एका कुत्रीला शिकवते. त्या कुत्रीने मला हुंगलं आणि ती शिंकली. तिला हवं असतं पातेल्याचं झाकण, कानाशी दणादण वाजवलेलं. ते वाजवायला दर शनिवारी दोन्या लिगिया येतात. फळ्यांखाली, पिंपात, कुठेही लपतात. "माझ्याइतकं छान कुणाला सापडता येत नाही," असं म्हणतात, आणि कॅप्टन लांब उभे राहतात.

मला आता खिळ्यावरून उतरवलं तरी चालेल. चुलीत घातलं तरी तक्रार नाही, वाख छान पेटतो. माझं मागणं एवढंच. कधी चिखलाने माखलेला एखादा कुत्रा तुमच्यापुढे येऊन भुंकला, आणि त्याने शोधलेलं माणूस तुमचं नसलं, तरी दुसरं टोक धरा. जोरात ओढा. आणि हसा. त्याला अजून शोधायचं असतं.