सुज्ञ माणूस कुठल्या मजल्यावर राहतो?

वरच्या कोर्टाने नियम बदलला तेव्हा मी भांडी घासत होते. वकीलबाईंचा फोन आला. "ताई, जिंकलो आपण!" मी बरं म्हटलं आणि कुकर विसळायला घेतला. नवरा गेल्यापासून मला आनंद काय आणि दुःख काय, सगळं हातमोजे घालून चाचपल्यासारखं वाटतं.

आमच्या इमारतीची लिफ्ट कायम मजल्याच्या वरच अडायची. बेल दाबली तरी काळं कुत्रं फिरकत नसे. मग सगळे दार सरकवून खाली उडी मारायचे. एकदा ती फारच वर अडली. माझ्या नवऱ्याने उडी मारली, त्याचा पाय मागे घसरला आणि तो फटीतून थेट तळाला गेला.

इमारतीच्या मालक कंपनीवर आम्ही दावा लावला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला. का, तर सामान्य सुज्ञ माणूस बेल वाजवून आत थांबला असता, म्हणून चूक मृताची. सासूबाईंनी तेव्हा विचारलं होतं, "कोण गं हा सुज्ञ माणूस? कुठल्या मजल्यावर राहतो?" पैशांचं नावही त्यांनी कधी काढलं नाही. आपल्या मुलाची चूक नव्हती, एवढंच त्यांना कोर्टाच्या तोंडून ऐकायचं होतं.

आता वरचं कोर्टही सासूबाईंच्या त्या प्रश्नासारखंच बोललं होतं. सुज्ञ माणूस हवेतून आणू नका, त्याच जागी रोज वावरणाऱ्यांमधून घ्या. इथले लोक काय करत होते ते पाहा आणि पुन्हा ठरवा.

म्हणजे शेजाऱ्यांनी खरं सांगितलं की झालं. तिथेच माशी शिंकली. खालच्या कोर्टात पुन्हा सुनावणी लागली, तेव्हा आमच्या रहिवासी मंडळाचे सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून पिंजऱ्यात उभे राहिले. "आम्ही बेल दाबून थांबतो, साहेब." चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई रोज पर्स दातात धरून उडी मारायच्या. त्या म्हणाल्या, "छे, असला वेडेपणा कोण करेल?" चारचौघांत कुणालाच वेडं दिसायचं नव्हतं. मला खरं तर त्यांचा राग यायला हवा होता. मी समोरच्या पंख्याकडे बघत बसले.

शेवटी सासूबाई उठल्या. वकीलबाईंनी नको नको म्हटलं, पण त्या कुणाचं ऐकतात थोडंच!

"मी मारायचे उडी," त्या म्हणाल्या.

कंपनीचा वकील हसला. "या वयात, आजी?"

"मुलगा आधी उतरायचा. मग खालून हात द्यायचा. कंपनीच्या मॅनेजरने बघितलंय आम्हाला. तो म्हणाला होता, सावकाश हं आजी." एवढं बोलून त्यांनी शेजाऱ्यांकडे वळून पाहिलं. "आणि ही सगळी मंडळी आमच्या मागे रांगेत असायची."

सेक्रेटरींनी मान खाली घातली. शिक्षिकाबाई रडायला लागल्या आणि म्हणाल्या, "खरंय. मीही मारायचे." मग एकेक जण कबूल होत गेला. मीही मान वर केली नाही.

निकालात एक ओळ आली: मृताचा काहीही दोष नाही. सासूबाईंनी ती पुन्हा वाचायला लावली. आता अशा खटल्यांत हा निकाल दाखला म्हणून दाखवला जाईल, असं वकीलबाई सांगत होत्या. मी मान डोलावली.

घरी आलो तेव्हा सेक्रेटरी नव्या लिफ्टचं दार धरून उभे होते. "या आजी, आता उडी नको की काही नको."

सासूबाईंनी नेहमीप्रमाणे जिन्याचा कठडा धरला. त्यांना लिफ्टची पहिल्यापासून धास्ती. जुन्या लिफ्टमध्ये त्यांनी जन्मात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

वळणावर त्या दम खायला थांबल्या. "आई, असं का सांगितलंत?" मी हळूच विचारलं.

"सगळेच शहाणे निघाले, अगं. मग माझा लेक तिथे एकटाच वेडा ठरला असता."

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला आणि आम्ही वर चढू लागलो.