तपासणाऱ्याची सही

विमा एजंटाने फॉर्मचं चौथं पान उलटलं आणि पेनाचं टोक एका रकान्यावर टेकवलं.

"धोक्याचे खेळ, छंद, व्यवसाय," त्याने वाचलं. "इथे काय लिहू?"

"आहे ते लिहा," ती म्हणाली. "पॅराग्लायडिंग. अकरा वर्षं. माणसांना पुढ्यात बांधून टेकडीवरून उडतात."

तिचा नवरा खिडकीपाशी बसून चहा पीत होता. टेकडीवर सगळे त्याला कॅप्टन म्हणत आणि त्यात निम्मी थट्टा असे. विम्याचं टुमणं तिचं होतं. गेल्या हंगामात तो झाडावर आदळला, दीड महिना पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हापासून तिने ते लावून धरलं होतं. त्याआधी वर्षभर तिचं टुमणं वेगळं होतं. उडणं सोडा, असं.

"वर काही बिघडलंच, तर?" एजंटाने विचारलं.

"राखीव पॅराशूट असतं," कॅप्टन म्हणाला. "हँडल ओढलं की उघडतं."

"नक्की उघडतं?"

"घडी नीट असेल तर."

"आणि घडी कोण घालतं?"

"मी," ती म्हणाली. शिवणकाम हा तिचा धंदा. टेकडीवरच्या सगळ्यांची राखीव पॅराशूट दर सहा महिन्यांनी तिच्याकडे येत. ती एकेक उलगडून वारा देई आणि पुन्हा घडी घालून पिशवीत बसवी.

"बरं. वारस म्हणून कुणाचं नाव घालू?"

"माझंच."

एजंट हसला. "म्हणजे वहिनी, दोन्हीकडून तुम्हीच."

तीही हसली. कॅप्टन हसला, पण जरा उशिरा. एजंट चपला घालत असताना तिने दारातून विचारलं, "पॉलिसी लागू कधीपासून धरायची?"

"मंगळवारपासून धरा."

ती मान हलवून आत गेली. कॅप्टनच्या कपातला चहा तसाच राहिला.

माणसाचं मन एकदा शंका घ्यायला लागलं की त्याला पुराव्यांची ददात पडत नाही. कॅप्टनला आठवलं की त्याच्या पॅराशूटची घडी तिने गेल्याच आठवड्यात घातली होती, मुदतीला अजून दोन महिने असताना. त्याच आठवड्यात ती मागच्या खोलीत फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. "त्यांना एवढ्यात कळू देऊ नका," असं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तो आत गेल्यावर तिने फोन ठेवला आणि भाजी काय करू म्हणून विचारलं. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि वाटतंय याची लाजही वाटत होती. दोन्ही एकदमच वाटत होतं.

मंगळवारी ती बहिणीकडे गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तो खिडकीत उभा राहिला. मग मागच्या खोलीचं दार लावून त्याने उडताना अंगावर बांधायच्या पट्ट्यांचा हार्नेस जमिनीवर ठेवला, त्यातल्या पिशवीच्या पिनांवर तिने खूण म्हणून बांधलेला लाल दोरा कात्रीने तोडला आणि पॅराशूट बाहेर काढलं.

घडीत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. कापडाच्या पाकळ्या डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ, इस्त्री केल्यासारख्या. दोऱ्यांचे वेढे रबरात सारखे बसवलेले. त्याने एकेक दोरी बोटांतून सरकवत नेली आणि सातव्या दोरीवर थांबला. ती बाकीच्यांपेक्षा पांढरी होती. मुळाशी तिचे बारीक, घट्ट टाके होते. जुनी दोरी झिजली होती, ती तिने बदलली होती. पिशवीच्या तळाशी दुकानाची पावती होती, तारीख त्या फोनच्या दुसऱ्या दिवसाची.

झाडावरून पडल्यापासून कॅप्टन झोपेत दचकून उठत असे. राखीव पॅराशूटची दोरी झिजलेली असताना आपण उडत होतो हे कळलं असतं, तर तो पुन्हा टेकडी चढला नसता. तिने ते आपल्यापाशीच ठेवलं होतं. तो बराच वेळ त्या कापडात बसून राहिला. त्याला स्वतःची किळस आली.

मग घडी घालायला घेतली, आणि ती त्याला येईना. अकरा वर्षांत त्याने हे काम कधी केलंच नव्हतं. कापड पिशवीत मावेना. शेवटी त्याने गुडघा दाबून ते कोंबलं, तिच्या डब्यातला लाल दोरा घेतला आणि पिनांवर गाठ मारली. जमिनीवर दोऱ्याचे तुकडे पडले होते, म्हणून खोली झाडून काढली. संध्याकाळी तिने दारात उभं राहून त्या स्वच्छ जमिनीकडे पाहिलं.

बुधवारी वारा सुटला आणि उड्डाणं बंद राहिली. दिवसभर दोघं घरात होती. तिने दोनदा विचारलं, "काही म्हणालात?" तो दोन्ही वेळा नाही म्हणाला.

गुरुवारी सकाळी आभाळ निवळलं. टेकडीवर दोन प्रवासी त्याची वाट पाहत होते. रोजच्यासारखा तिने दारात हार्नेस हातात घेतला आणि पिनांवरून बोट फिरवलं. बोट गाठीपाशी थांबलं; ती गाठ तिच्या हातची नव्हती.

"ऐक," कॅप्टन म्हणाला. "हे घेऊन मी आज—"

"आत या," ती म्हणाली.

तिने चटई पसरली, दोरा तोडला आणि पॅराशूट बाहेर ओढलं. ते गोळा होऊन आलं. हे हवेत उघडलं नसतं, हे दोघांनाही दिसलं. ती खाली बसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ. पांढऱ्या दोरीशी आल्यावर तिने ती नुसती वेढ्यात घेतली. घडीला अर्धा तास लागला. तो भिंतीला टेकून उभा होता आणि बसायचं धाडस त्याला होत नव्हतं.

पिना बसल्या, लाल दोरा बांधला गेला. मग तिने हार्नेसच्या खिशातून नोंदीचं कार्ड काढलं. त्यात तीन रकाने होते. तारीख, घडी घालणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तिचीच सही होती. तिसरा रकाना अकरा वर्षं कोरा होता. घरच्या घरी कोण कुणाचं तपासणार, असं पहिल्या वर्षी कॅप्टनच म्हणाला होता.

तिने आजची तारीख घालून सही केली. मग पेन त्याच्यापुढे धरलं आणि बोट वरच्या ओळीवर, गेल्या आठवड्याच्या घडीपुढच्या कोऱ्या चौकटीवर ठेवलं.

"राहू दे ना," तो म्हणाला.

"राहू दे कसं? तपासलंत ना."

त्याने पेन घेतलं. सही रेघेबाहेर गेली.

"खाली तारीखही लागते," ती म्हणाली. "मंगळवारची टाका."