ताटातला पहिला घास

चश्मूचं पोट बिघडलं की साऱ्या फळियाला, म्हणजे अख्ख्या आळीला, कळायचं, कारण हिलामाय ओट्यावर उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "मेल्या, काल तुला लोण्यासारखा मऊ भात घातला, तो कुणाच्या पोटात गेला? माझ्या?" चश्मू कान पाडून पायरीशी बसायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर तपकिरी ठिपके होते, त्यामुळे तो चार डोळ्यांनी माफी मागतोय असं वाटायचं. हिलाचा राग निम्म्यावर यायचा आणि ती बादली-खराटा घेऊन अंगण धुवायला लागायची.

नवसारीच्या आमच्या त्या पारशी फळियात निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लागली होती. कुणाची मुलं मुंबईला, कुणाची कॅनडाला. हिला आणि एदीला मूलच नव्हतं, त्यामुळे त्यांचं कुणी कुठे गेलं नव्हतं. दोघं आणि तिसरा चश्मू. अगियारीच्या मागच्या बोळात सापडलेलं ते पिल्लू एदीनं कोटाच्या खिशात घालून आणलं होतं. आणल्या आणल्या ते खिशातच घाण करून बसलं, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय याची सूचना त्यानं पहिल्याच दिवशी दिली होती.

"चार डोळ्यांचा आहे, बघ तरी!" एदी त्या दिवशी म्हणाला होता. आमच्यात माणूस गेला की त्याला डुंगरवाडीवर, अंत्यविधीच्या जागी, नेतात आणि तिथे त्याचं तोंड शेवटचं बघायला कुत्रा आणतात, आणि तो असा ठिपकेवाला असला तर उत्तम. "माझं शेवटचं दर्शन हाच घेणार. डुंगरवाडीवरच्या त्या खरजुल्या कुत्र्यानं मला बघायचं नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

"आधी याचं पोट तोवर टिकलं पाहिजे," हिला म्हणाली होती.

थट्टेतलं बोलणं ते, पण हिलाच्या डोक्यात ते रुतून बसलं. एदीच्या आधी चश्मू जाता कामा नये. हे तिनं स्वतःवर घेतलं, आणि हिलानं एखादी गोष्ट स्वतःवर घेतली की तिच्या आड येणाऱ्याची धडगत नसायची.

तिनं काय काय करून बघितलं नाही! दूध बंद केलं. अंडं दिलं, बंद केलं. कोंबडीची कातडी काढून, पाण्यात उकडून, बोटांनी रेषा रेषा सुटी करून घातली. लाल भोपळा घातला. खिचडी घातली, हळद न घालता. सुरतेहून तयार खाण्याची पिशवी मागवली, तर चश्मूला रक्त पडलं आणि ती पिशवी तिनं दुकानदाराच्या नावानं चार शिव्या घालून उकिरड्यावर फेकली. आठवडा बरा जायचा, की पुन्हा एका सकाळी चश्मू अंगणाच्या कोपऱ्यात पाठीची कमान करून उभा. हाडं वर आलेली, केस झडलेले. शेजारची फ्रेनी भिंतीवरून डोकावून म्हणायची, "हिला, अख्खं नवसारी तुझा धनसाक खाऊन बोटं चाटतं, आणि तुझ्या घरच्या कुत्र्यालाच तुझ्या हातचं पचत नाही!" हिलाला ते फार लागायचं. तिच्या हाताची कीर्ती होती, आणि तिला ती ठाऊकही होती.

जनावरांचे देसाई डॉक्टर दर वेळी एकच प्रश्न विचारायचे. "हिलामासी, तुमच्या ताटातलं काही देता याला?"

"छे!" हिला म्हणायची.

"अजिबात नाही," एदी म्हणायचा.

दोघांपैकी एकही खोटं बोलत नव्हतं.

मग एका रविवारी डॉक्टर चश्मूला सुई टोचायला घरी आले, तेव्हा एदी जेवायला बसत होता. हिलानं डॉक्टरांना समोर बसवलं. एदीनं डोकं झाकून, ओठातल्या ओठात प्रार्थना म्हटली. मग भाताचा घास घेतला, मसाल्याच्या डाळीत बुडवला, त्यावर मटणाचा चरबीचा तुकडा ठेवला आणि हात खुर्चीच्या उजव्या बाजूला खाली नेला. चश्मू तिथे वाटच बघत होता. त्यानं तो घास हळूच, दात न लागू देता घेतला. त्यानंतर एदीनं आपला पहिला घास तोंडात घातला.

"हे काय?" डॉक्टर ओरडलेच.

"कुठे काय?"

"आत्ता दिलंत ते!"

"ते?" एदीला खरोखरच कळेना. "ते तर बूक. कुत्र्याचा वाटा. तो दिल्याशिवाय जेवतात कसं?"

"एदीकाका, मी इतकी वर्षं विचारतोय, ताटातलं देता का म्हणून!"

"देत नाहीच. हे देणं नव्हे डॉक्टर, हा धरम आहे." त्यानं मदतीसाठी हिलाकडे बघितलं, आणि हिला उलथनं हातात धरून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर तो हात रोज खाली जात होता, दुपारी जात होता, रात्री जात होता, आणि तिला तो कधी दिसला नव्हता. आपण श्वास घेतो ते कुठे दिसतं? डॉक्टर गेले आणि तिनं तोंडाचा पट्टा सोडला. "मी इथे भोपळे उकडून मरतेय, आणि तू त्याला माझाच धनसाक चारतोयस! कस्तीवर हात ठेव. ठेव म्हणते ना! याला पुन्हा ताटातला एक कण देणार नाहीस."

एदीनं कमरेच्या त्या पवित्र दोऱ्यावर हात ठेवला. "नाही देणार," तो म्हणाला. खुर्चीखाली चश्मूचं पोट एव्हाना गुरगुरायला लागलं होतं.

त्यानंतर जेवणाच्या वेळी चश्मूला मागच्या अंगणात कोंडायचं ठरलं. हिलानं त्याचं खाणंही शेवटी जमवून आणलं: जुना तांदूळ मऊ शिजवलेला, बोईचा मासा उकडून काटा न् काटा काढलेला आणि मूठभर दुधी. मीठ नाही, तेल नाही. चश्मूला ते मानवलं. अंगण कोरडं राहायला लागलं. बरगड्या झाकल्या, केस भरले, अंगावर तकाकी आली. फ्रेनीला भिंतीशी बोलावून हिला दाखवायची, "बघ, आहे का कुठे हाड? माझ्या हातचं पचत नाही म्हणत होतीस ना?" ती त्या दिवसांत गाणी गुणगुणत स्वयंपाक करायची.

आणि एदीचं जेवण कमी झालं.

आधी तिच्या ते लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं तेव्हा तो म्हणाला, दात दुखतोय. मग म्हणाला, भूकच नाही. चहा मात्र प्यायचा आणि त्यात बटासा, आमच्याकडचं खुसखुशीत बिस्कीट, बुडवून खायचा. त्यावरच त्याचा दिवस निघायचा. हिलानं त्याच्यासाठी पानात गुंडाळून पापलेट वाफवलं, मटणाची सल्ली-बोटी केली, लग्नात करतात तसं कस्टर्ड केलं. तो ताटात इकडचं तिकडे करायचा आणि ताट सरकवायचा. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी एदीचं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, आणि वय झालं म्हणाले. कस्तीची टोकं पूर्वी मांडीपर्यंत यायची, ती आता गुडघ्याखाली लोंबायला लागली होती, इतकी त्याची कंबर आत गेली होती. हिला रोज सकाळी त्याला ती बांधताना बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन आणखी एक पदार्थ करायला घ्यायची.

एक दिवस ती कचुंबर आणायला आत गेली आणि वाटी घेऊन दारापर्यंत आली. एदीची पाठ तिच्याकडे होती. त्यानं घास घेतला. हात खुर्चीच्या उजव्या बाजूला खाली गेला. अर्ध्यावर थांबला. तिथे कुणी नव्हतं. थोडा वेळ तो हात तसाच लोंबकळत राहिला, मग वर आला, आणि घास ताटात परत पडला. बंद दारापलीकडे चश्मू एकदाच कुं करून गप्प झाला.

हिला त्याच्या शेजारी येऊन बसली. "एदी," ती म्हणाली, "हे कधीपासून?"

तो चोरी पकडल्यासारखा हसला. "ताटावर बसलो की उतरत नाही ग. मी बघतो गिळून. घशापाशी येतं आणि अडतं. माय म्हणायची, मुक्या तोंडाचं आधी, मग तुझं. लहानपणी एकदा आधी खाल्लं तर तिनं तोंडात बोट घालून घास बाहेर काढला होता. आता ती येऊन उभी राहते, त्याला मी काय करू?"

"मग मला सांगायचं नाही, मेल्या?"

"तू गात होतीस," एदी म्हणाला. "आणि शब्द दिला होता."

 हिलाला एदीचा राग आला, त्याच्या मेलेल्या आईचा आला, आणि मग स्वतःचा इतका आला की ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि चुलीसमोर उभी राहून रडली. रडून झाल्यावर तिनं धनसाकचं पातेलं उचललं आणि फ्रेनीला देऊन आली.

त्या दिवसापासून घरात एकच पातेलं चढायला लागलं. जुना तांदूळ, बोईचा मासा, दुधी. मीठ नाही, तेल नाही. तेच चश्मूला, तेच एदीला, तेच हिलाला. मागचं दार उघडं राहिलं.

"वा!" पहिल्या दिवशी ताट बघून एदी म्हणाला. "जन्मभर पारशासारखा जेवलो, आता कुत्र्यासारखं जेवायचं!"

"गप्प बस आणि वाढलंय ते खा."

एदीनं प्रार्थना म्हटली. हात खाली गेला. चश्मूनं घास घेतला, दात न लागू देता. मग एदीनं आपला घास तोंडात घातला, चावला आणि गिळला. हिला त्याच्या गळ्याकडे बघत होती. तो घास उतरताना तिला दिसला. इतकं बेचव अन्न तिनं आयुष्यात कुणाला वाढलं नव्हतं, आणि इतक्या आनंदानंही वाढलं नव्हतं. तिचे मसाल्याचे डबे फळीवर तसेच राहिले, त्यांच्यावर धूळ बसली.

पण उशीर झाला होता. थंडीचे दिवस आले. एदीला साधा खोकला झाला, तो छातीत उतरला. दवाखान्यातून घरी पाठवताना मोठे डॉक्टर हिलाला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, अंगात काही उरलंच नाहीये लढायला. मधे किती दिवस खाणं सुटलं होतं यांचं?" त्यांनी सहज विचारलं होतं. हिलाला मात्र त्या प्रश्नानं उभं कापलं. आपण कुत्र्याचं पोट भरत होतो तेव्हा, असं ती त्यांना कसं सांगणार? ती म्हणाली, "सुटलं होतं खरं."

शेवटच्या दुपारी तिनं ताट खाटेपाशी आणलं. एदीनं घास उचलला. अर्धा भात चादरीवर सांडला. चश्मूनं उरलेला घेतला. एदीनं आपल्यासाठी घास उचलला नाही. तो चश्मूकडे बघत राहिला, मग हिलाकडे, आणि म्हणाला, "त्या खरजुल्याला आणू नका हं."

डुंगरवाडीवर त्यावरून थोडी वादावादी झाली. तिथल्या माणसांचं म्हणणं, इथला कुत्रा आहे, सवयीचा आहे, घरचा कुत्रा प्रेताजवळ गोंधळ घालतो. "चार डोळे मोजून घ्या आणि त्याला सोडा," हिला म्हणाली. तिचा आवाज ऐकून त्यांनी वाद सोडला.

एदीला पांढऱ्या कपड्यांत दगडी लादीवर निजवलं होतं. हात छातीवर होते. नसेसालारांनी, म्हणजे प्रेताचं करणाऱ्या माणसांनी, खिळ्यानं त्याच्याभोवती रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांच्या आत आता फक्त तेच जाऊ शकत होते. हिला बायकांबरोबर भिंतीशी बसली होती. त्यांनी दोरी धरून चश्मूला आणलं. तो दारात अडला, जमिनीला चिकटून बसला. तेव्हा त्यांच्यातल्या एकानं नेहमीच्या सवयीनं खिशातून पावाचा तुकडा काढला आणि त्याच्या नाकापुढे धरला.

"पाव नको!" हिला एकदम ओरडली. "त्याला पचत नाही!"

सगळ्या बायकांनी वळून बघितलं.  फ्रेनीनं तिचा हात घट्ट धरला. त्या माणसानं पाव परत खिशात घातला.

तेवढ्यात चश्मूला एदी दिसला. तो उठला. दोरी ओढत, त्या रेघा ओलांडून तो थेट लादीपाशी गेला, उजव्या बाजूला. खुर्चीशी बसायचा तसाच तिथे बसला, आणि मान वर करून एदीच्या हाताकडे बघत राहिला. भुंकला नाही, रडला नाही. त्याची जेवणाची वेळ होती आणि एदीला कधी उशीर होत नसे. दस्तूर, आमचे धर्मगुरू, प्रार्थना म्हणत होते. नसेसालार दोरी धरून उभे होते. बघून झालं, आता चला, असं त्यांनी हळूच ओढून सुचवलं. चश्मू हलला नाही. त्यानं एक पंजा लादीच्या कडेवर ठेवला.

हिलाला तिथे जाता येत नव्हतं. तिला तो हात धरून खाली आणता येत नव्हता. ती भिंतीशी बसल्या जागेवरून पुढे वाकली.

"दे एदी," ती म्हणाली. "दे त्याला. मी काही बोलत नाही आता."

चश्मू वाट बघत बसला होता.