ड्रायव्हरचा लोकरी कोट

मी एक जुना कोट आहे, मित्रांनो. तपकिरी, लोकरीचा, गुडघ्याच्या वर संपणारा आणि पाच बटणांचा. आज ती पाचही बटणे एकमेकांची तोंडे न पाहिलेली आहेत. एक काळे, एक हिरवे, एक पितळी, दोन पांढरी, त्यातलेही एक लहान. मला पाहून लोक हसतात. हसू द्या. ती कशी लागली हे ऐकलेत तर तुम्ही हसणार नाही.

माझा मालक बसचा ड्रायव्हर. त्याला नोकरी लागली तेव्हा त्याने मला मुद्दाम शिवून घेतले, कारण दिवसाची पहिली गाडी त्याच्याकडे होती आणि ती पहाटे सुटायची. ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी कधीच नीट लागत नाही, हे बसमध्ये बसणाऱ्यांना ठाऊक नसते. वारा थेट छातीवर येतो. आमचे टेलरमास्तर मोठे धोरणी. शिवणीत त्यांनी दोन बोटे जादा कापड ठेवले. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. मालक म्हणाला, "मास्तर, एवढी कशाला?" मास्तर मापाची टेप गळ्यात टाकत म्हणाले, "अहो, आता लग्न कराल, पोट सुटेल. तेव्हा नवा कोट शिवणार का?" पोट सुटले. मास्तरांनी मला उसवले, सैल केले आणि मी पुन्हा कामावर रुजू झालो.

मला मान होता हो! डेपोत माझ्यावरून थट्टा चालायची. कंडक्टर म्हणायचा, "साहेब, आधी रिटायर कोण होणार, तुम्ही की कोट?" माझा खिसा फाटला तेव्हा मालकाने जुन्या खाकी पँटच्या तुकड्याने तो स्वतः शिवला. टाके वाकडेतिकडे, पण पक्के. मी भरल्या घरातला माणूस असल्यासारखा सुखात होतो. घर खरे तर भरलेले नव्हते. मालकाची बायको लवकर गेली. बाप आणि लेक, दोघेच.

लेकीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. मोठी गोड आणि मायाळू पोर, पण कपड्यांच्या बाबतीत आजकालच्या मुलांसारखीच. एकदा फोटोत आलेला कपडा पुन्हा अंगावर चढायचा नाही. "बाबा, सगळ्यांनी पाहिलाय तो!" असे म्हणायची. कपाट उघडले की कपडे अंगावर कोसळायचे आणि तरी हिचे तुणतुणे चालूच, "घालायला काही नाहीये!" दाराबाहेर पार्सल आले की मी खुंटीवरून पाहायचो. पिशवी फाडली जायची, टॉप अंगाला लावून आरशात पाहिला जायचा आणि चार दिवसांनी तो कपाटाच्या तळाशी गेलेला असायचा. मला वाईट वाटायचे. शिवणाऱ्याने त्यावर मान मोडेपर्यंत काम केले असेल ना!

मग तिच्या कॉलेजात एक मोहीम निघाली. जुने कपडे गोळा करायचे, कचऱ्यात जाऊ द्यायचे नाहीत. मुले मनापासून झटत होती, त्यांना नावे ठेवू नका. पण स्पर्धा ठेवली ती वजनाची. ज्या वर्गाचे कपडे जास्त किलो, तो वर्ग जिंकला. आणि बक्षीस काय, तर वर्गातल्या प्रत्येकाला एक कोरा करकरीत टी-शर्ट, त्यावर छापलेले, "नवे घेण्याआधी थांबा!" कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

शेवटच्या दिवशी भिंगरीचा वर्ग शेजारच्या वर्गापेक्षा दीड किलोने मागे होता. मधल्या सुट्टीत ती धावत घरी आली. स्वतःचे दोन-चार टॉप पिशवीत कोंबले, पण टॉप ते, त्यांना कसले आले वजन! तेवढ्यात तिची नजर दाराआडच्या खुंटीवर गेली. मला उचलून तिने हातात तोलले. "हा तर दोन किलो भरेल! आता कोण घालतंय याला?" असे पुटपुटली आणि माझी घडी झाली.

तिचा दोष तरी किती म्हणावा? मालक मला चढवून निघायचा तेव्हा ती गाढ झोपेत असायची. परत यायचा तोवर ऊन झालेले असायचे, मी त्याच्या हातावर आणि ती कॉलेजात. तिने मला बापाच्या अंगावर कधी पाहिलेच नव्हते. मालक आतल्या खोलीत डुलकी काढत होता. त्याला विचारायला दोन मिनिटे लागली असती.

आमचा वर्ग जिंकला. अर्ध्या किलोने.

आम्हा सगळ्यांना पोत्यांत भरून एका मोठ्या शेडमध्ये नेले. तिथे बायका कपडे निवडत होत्या. सुती एकीकडे, लोकरी एकीकडे. लोकरीच्या ढिगाशी एक मावशी बसली होती. तिचे काम बटणे कापायचे. बटणे पिंपात, कपडा मागे. मागे गेलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधले जायचे, मग ते यंत्रात पिंजून त्यांची गाद्यांसाठी भरण व्हायची. चौथ्या दिवशी माझी पाळी आली. मावशीने माझी चार बटणे कापली. पाचव्याला कात्री लावली आणि ते टण्‌कन पिंपात पडले, मी मागच्या ढिगात. खोटे कशाला सांगू, मी घाबरलो. गादीत जायची लाज नव्हती, पण यापुढे पहाटे माझा मालक काय घालणार?

तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला. "मावशी, एक कोट शोधायचाय. बाबांचा."

"कसा आहे?"

"तपकिरी."

मावशीने ढिगाकडे हात केला. तपकिरी कोट तिथे पन्नास तरी होते. "आत अस्तर कोणतं? खिसे किती?"

भिंगरीने ढिगाकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "जड आहे."

"इथे सगळंच जड आहे, पोरी. तुम्हीच पाठवता तसं." मावशी चिडली नव्हती, पण हसलीही नाही. "बापाने धाडलं का?"

तेव्हा भिंगरीचा बांध फुटला. "ते तर काही बोललेच नाहीत! मी सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, मला जडच व्हायचा तो. आज परीक्षा म्हणून मी पहाटे उठले, तर ते निघाले होते. त्यांच्या गळ्याशी दोन कॉलर दिसल्या. शर्टावर शर्ट घालून चाललेत, मावशी, चार दिवस!"

मावशीने कात्री खाली ठेवली. दोघी ढिगात शिरल्या. परीक्षा देऊन थकलेली पोर एकेक कोट उचलून खिसे चाचपत होती. मध्येच सुती ढिगातून इकडे घसरलेला तिचाच एक टॉप तिच्या हाताला लागला, किमतीची चिठ्ठी अजून लटकत असलेला. तो तिने बराच वेळ हातात धरला. शेवटी तिचा हात माझ्या खाकी खिशात आला आणि पेपरमिंटची गोळी निघाली. झोप येऊ नये म्हणून मालक त्या चघळतो आणि एक रोज लेकीसाठी आणतो. तिने मला छातीशी धरले आणि मोठ्याने रडली. मीही रडलो असतो, पण कोटाला ते जमत नाही.

माझी बटणे काही सापडली नाहीत. मावशीने पिंपातून हाताला येतील ती पाच काढून दिली. भिंगरीने आयुष्यात प्रथमच सुई धरली. बोटे टोचून घेतली, दोरा गुंतवला, एक बटण तर चांगले बोटभर खाली लावले.

दुसऱ्या दिवशी बापाआधी ती उठली आणि मला घेऊन दारात उभी राहिली.

"अगं, मला जड व्हायचा ना तो," मालक म्हणाला.

"होऊ दे. घाला."

त्याने मला चढवले. बटणे काही केल्या लागेनात. आत दोन शर्ट होते. मग तिच्याकडे न पाहता त्याने मला काढले, वरचा शर्ट उतरवून खुंटीला टांगला आणि पुन्हा मला घातले. वाकडे का होईना, पाचही बटणे लागली. भिंगरीने त्याची कॉलर सारखी केली.

मित्रांनो, भिंगरी आजही नवे कपडे घेते, पूर्वीपेक्षा कमी. तुम्हीही घ्या, मीही कधी नवा होतो. जुने कपडे द्यायचे असतील तर जरूर द्या. पण माझी एवढी विनंती ऐका. आम्हाला हातात तोलून पाहू नका. तुम्ही झोपेत असता तेव्हा आम्हाला कोण घालते, ते आधी घरात विचारा.