गप्प केलेली थरथर

मी बोलतोय. रस्त्यावर मिरवणारी गाडी नव्हे; तिच्या इंजिनाखाली दबलेला, मुठीएवढा रबराचा तुकडा. मेकॅनिक मला माउंटिंग म्हणतात. साच्यात शिजवून मला दोन लोखंडी तुकड्यांमध्ये बसवलं आणि काम नेमून दिलं: इंजिनाचे हादरे तू खायचे, माणसांपर्यंत जाऊ द्यायचे नाहीत. सात वर्षं खाल्ले. आभार कोण मानणार? मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या मालकाने भर दुपारी गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. ज्या पट्टीला मी बोल्टने जखडलेला होतो ती तडकली, मी अर्धा फाटलो. दारं चेपून अडकली. इंजिन मात्र बंद पडलं नाही. मालक आतून काच वाजवत होता. टक्. टक् टक्. लोक मोबाइल उंचावून बघत उभे होते. हळूहळू वाजणं थांबलं. इंजिन तेवढं चालत राहिलं.

मग जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठने ती उचलली. तडकलेल्या पट्टीवर वेल्डिंगचे चार टिपके, वरून काळा रंग. मला बदललंही नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवायचं, एसी बंद, गाणी चालू, ही त्याच्या दुकानाची रीत. तापलेलं, एसीचा भार नसलेलं इंजिन कमी हादरतं; उरलेली थरथर गाण्यात बुडून जाते.

गाडी घेतली एका नर्सबाईंनी, म्हाताऱ्या वडिलांना ने-आण करायला. पळताना ठीक असायची; सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग, आरसा, सीट, सगळं थरथरायचं. आणि बाईंच्या बाजूची काच वाजायची. टक्. टक् टक्.

"अगं, कोणीतरी काच वाजवतंय. उघड की."

"नाना, बाहेर कुणी नाहीये."

"बाहेरून नाही गं. आतून."

नानांनी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेलं. डॅशबोर्डवर तळहात ठेवून त्यांनी थरथर चाचपली. मग म्हणाले, "मशीन उगाच हादरत नाही. कुठंतरी काहीतरी सुटत आलेलं असतं. खालून बघायला सांग."

बाई सरळ शेठच्याच गॅरेजमध्ये आल्या. "उभी असताना फार थरथरते हो."

"नवीन माणसाला लाजते, ताई! बसा तुम्ही, लाज मोडून देतो."

मेकॅनिकने गाडी उचलली, मला सोडवून काढलं, आत टॉर्च मारला आणि तसाच थबकला. "शेठ, इकडे या. पट्टीचं वेल्डिंग सुटलंय. चालत्या गाडीत तुटली तर इंजिन कलंडेल, स्टिअरिंग अडकेल."

"तुला दुरुस्ती सांगितलीय, पोस्टमार्टम नाही."

"अहो, पण म्हातारा माणूस बसतो त्यात..."

"थरथर बंद कर. बाईंची तक्रार तेवढीच आहे."

याचा मला संताप येतो. तक्रार मिटवायची आणि कारण जागच्या जागी ठेवायचं! मी फाटलो म्हणून तर हादरे वर पोचत होते. तेवढाच एक साक्षीदार होता, त्यालाच उचलून बाहेर टाकलं. माझ्या जागी नवं, जाड रबर बसलं. फटीवर पुन्हा काळा रंग.

बाईंनी इंजिन सुरू केलं. काहीच हललं नाही. "बघा नाना, कशी शांत झाली!" नाना हसले नाहीत. काचेकडे बघत राहिले. गाडी घाटाच्या रस्त्याला लागली.

मी आता भंगाराच्या पिंपात पडलोय. वाचणाऱ्यांनो, तुमची जुनी गाडी उभ्या जागी थरथरत असेल, तर तिला गप्प करायला सांगू नका. का थरथरतेस, ते आधी विचारा.

मेकॅनिकने जेवणाचा डबा उघडला, पण घास उचलला नाही. मघापासून तो पिंपाकडे बघतोय. आता उठला. हात पुसून त्याने फोन लावलाय. रिंग जातेय. पुन्हा लावतोय. पुन्हा जातेय.

बाई फार शिस्तीच्या. गाडी चालवताना फोन घेत नाहीत.