खाणीच्या लाइनवरून लग्नाला

ऑलरशॉ स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. शनिवारची सकाळ, ऑक्टोबरचा वारा, आणि डब्यात माणसं दाटीवाटीने उभी, कारण चार डब्यांची गाडी त्या दिवशी दोनच डब्यांची आली होती. जॅनिस ॲकरॉइडला मात्र खिडकीशी जागा मिळाली होती. तिच्या मांडीवर जांभळी हॅट होती आणि समोर तिची धाकटी बहीण बेव्ह. बेव्हने फेसाळत्या वाइनची बाटली गाडी सुटायच्या आधीच उघडली होती.

"घे गं एक घोट," बेव्ह म्हणाली. "पोरीच्या लग्नाला चाललोय, मयताला नाही."

"नको म्हटलं ना. उद्या सकाळी गाडी चालवायचीय मला."

"पोटच्या पोरीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइम! सगळ्या देशात तू एकटीच ड्रायव्हर उरलीस का गं?"

जवळजवळ तसंच होतं. त्यांच्या कंपनीत रविवार हा ड्रायव्हरांच्या आठवड्यात धरलेलाच नव्हता. वाटलं तर डेपोतल्या फळ्यावर नाव लिहायचं, नाही तर घरी बागेतलं गवत कापायचं. कोणी नाव दिलं नाही की गाडी रद्द, आणि मग रेकॉर्ड केलेल्या गोड आवाजात दिलगिरी. लग्न होतं त्या सँडरबीहून उद्या सकाळी विमानतळाला जाणाऱ्या गाडीसमोर कोणाचंच नाव नव्हतं. आणि त्याच गाडीची तिकिटं तिच्या पोरीने, बेथनीने, आणि होणाऱ्या जावयाने मधुचंद्रासाठी काढून ठेवली होती. जॅनिसने फळ्यावर आपलं नाव लिहिलं आणि कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. प्लॅटफॉर्मवर बॅगा घेऊन उभ्या असलेल्या पोरीला इंजिनाच्या खिडकीतून हात करायचा, आणि तिचं तोंड कसं होतं ते पाहायचं, एवढीच तिची हौस होती. आपल्या आईने लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही काम घेतलं म्हणून बेथनी आठवडाभर फुरंगटून बसली होती, आणि जॅनिस ते बोलणं मुकाट्याने ऐकून घेत होती.

गार्ड डेझमंड डब्यात आला. त्याचा चेहरा पाहूनच लोकांनी सुस्कारे सोडले.

"मंडळी, पुढे बोगद्याच्या तोंडाशी झाड आडवं पडलंय. गाडीऐवजी बस मागवलीये."

"किती बस?" मागून कोणीतरी विचारलं.

"एक. म्हणजे, मिळाली तर."

डब्यात एकच गलका झाला. आपण तर मेलोच, असं जॅनिसला वाटलं. लग्न एक वाजता. लग्न लावणाऱ्या सरकारी बाईंना लगेच पुढच्या गावात दुसरं लग्न लावायचं होतं, त्या थांबणार नव्हत्या. बेथनीचे वडील केन जाऊन चार वर्षं झाली होती. पोरीला हाताला धरून आत न्यायचं ते आईने, हे तेव्हापासून ठरलेलं. टॅक्सीवाल्यांना फोन करून झाले, पण फुटबॉलची मॅच असल्यामुळे सगळ्या टॅक्सी तिकडेच गेल्या होत्या.

तिने बेथनीला फोन लावला.

"झाड?" बेथनी ओरडली. "आई, तुझ्या त्या गाड्या! आयुष्यभर तुझ्या त्या गाड्या! आज तरी माझ्यासाठी वेळेवर ये गं!" आणि ती रडायला लागली.

जॅनिसने फोन खाली ठेवला. तिने खिडकीबाहेर पाहिलं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला मुख्य लाइनपासून रुळांची एक गंजकट जोडी डावीकडे डोंगरात वळत होती. दगडखाणीची लाइन. तिच्यावरून दिवसा खडीच्या मालगाड्या जायच्या, आणि दर मंगळवारी पहाटे एक रिकामी पॅसेंजर, कारण पॅसेंजर अजिबात बंद करायची तर कायद्याने सतरा सोपस्कार करावे लागतात. ते टाळायला माणसं नसलेली गाडी वर्षानुवर्षं चालू होती. डेपोत तिला भुतांची गाडी म्हणायचे. आणि ती भुतांची गाडी चालवायची कोण? जॅनिस. 'काय गं, आज किती भुतं चढली?' हा विनोद तिने इतक्यांदा ऐकला होता की आता ती आपणहूनच भुतांचा आकडा सांगायची.

आणि ही लाइन डोंगराला वळसा घालून थेट सँडरबीत उतरत होती!

जॅनिस ताडकन उठली, हॅट बेव्हच्या डोक्यावर ठेवली आणि गर्दीतून वाट काढत प्लॅटफॉर्मवरून इंजिनाकडे धावली. ड्रायव्हर हारून केबिनच्या दारात उभा राहून फोनवर कोणाशी तरी भांडत होता.

"हारून! खाणीकडून जाऊ या की!"

"माझी सही नाही त्या लाइनवर," तो म्हणाला. "कंट्रोललाही तेच सांगतोय."

मागे आलेल्या एका प्रवाशाला राहवलं नाही. "सही कसली? गाडी रुळांवरून जाते, तिला काय स्टिअरिंग आहे?"

"साहेब, वळवायचं काम रूळ करतात," मागोमाग आलेला डेझमंड म्हणाला. "थांबवायचं काम ड्रायव्हरला करावं लागतं. कुठून ब्रेक लावायचा हे ठाऊक असल्याची सही केल्याशिवाय वीतभर पुढे जाता येत नाही."

"माझी आहे सही," जॅनिस म्हणाली.

हारूनने तिच्याकडे, तिच्या फिक्या निळ्या रेशमी पोशाखाकडे आणि उंच टाचांकडे पाहिलं. मग फोन तिच्या हातात दिला.

पलीकडे कंट्रोलरूममध्ये पॉलिन होती. "जॅनिस? तू सुट्टीवर आहेस ना? आज पोरीचं लग्न ना तुझ्या?"

"तिकडेच निघालेय. खाणीची लाइन मोकळी आहे का?"

"खडीची गाडी खाणीत आत घेतली तर मोकळी. पण तुला कामावर घ्यायचं तर... नीट झोप झालीये?"

"झालीये."

"आणि खरं सांग. लग्नाला निघालीस. दारू?"

"थेंब नाही."

"जॅनिस."

"अगं, शपथ!"

तेवढ्यात मागून बेव्ह धापा टाकत आली. डोक्यावर जांभळी हॅट, हातात बाटली. "मी साक्षीदार!" ती फोनमध्ये ओरडली. "सकाळपासून पाजायला बघतेय, ही बया ऐकेल तर ना! आख्खी बाटली मलाच संपवावी लागली!"

पलीकडे पॉलिन मोठ्याने हसली. मग कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. 

"निघा," पॉलिन म्हणाली.

डेझमंडने आपलं भगभगीत नारिंगी जाकीट काढून जॅनिसच्या अंगावर चढवलं. बेव्हने रात्री नाचायला आणलेले सपाट बूट पिशवीतून काढून तिच्यापुढे टाकले. "घाल. आणि फाडलेस तर बघ." जॅनिस ड्रायव्हरच्या खुर्चीवर बसली, हारून शेजारी उभा राहिला, आणि सिग्नल हिरवा होताच गाडी मुख्य लाइन सोडून डावीकडे वळली. मागच्या डब्यांतून असा काही जल्लोष झाला की हारून दचकलाच.

"काय झालं?"

"काही नाही. ह्या लाइनवर पहिल्यांदाच माणसं बसलीयेत," जॅनिस म्हणाली.

लाइन चढणीची होती. दोन्ही बाजूंना बीच नावाची उंच झाडं, आणि रुळांवर पिवळ्या पानांचा राडा. गाडीखाली येऊन चेंगरलेली पानं साबणासारखी निसरडी होतात. दोनदा चाकं जागच्या जागी फिरली, आणि दोन्ही वेळा जॅनिसने जोर कमी करून गाडीला हळूहळू वर चढवलं. दगडी भिंतींपलीकडून मेंढ्या मान वर करून बघत होत्या. एका फाटकाशी ट्रॅक्टरवर बसलेला म्हातारा शेतकरी गाडी भरलेली पाहून तोंड उघडंच ठेवून राहिला.

खाणीपाशी सिग्नल लाल. बाजूच्या रुळावर खडीची मालगाडी रेंगाळत आत सरकत होती. डबे संपले असं वाटावं तर मागे आणखी एक. साडेबारा होऊन गेले. जॅनिसने ओठ घट्ट दाबून धरले.

शेवटचा डबा आत गेला, सिग्नल हिरवा झाला, आणि उतार सुरू झाला.

"पुढे सरळच दिसतंय ना?" हारून म्हणाला. "इथे पळव की थोडी."

"इथे ताशी वीसच."

"जॅनिस, लग्न तुझ्या पोरीचं आहे!"

"म्हणून तर वीस. पुढे वळणावर पूल आहे. तो दिसल्यावर ब्रेक लावला तर आपण पुलाच्या पलीकडे थांबू. आत्ता लावायचा, ह्या पडक्या झोपडीपाशी." तिने ब्रेक लावला. पानांवरून चाकं थरथरत घसरली, हारूनने खिडकीची चौकट धरली, गाडी जडपणाने हळू झाली आणि वळणावरून डुलत दरीवरच्या पुलावर आली. खाली सँडरबीची कौलं, आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. जॅनिसला वीस वर्षांत तो कधी इतका सुंदर दिसला नव्हता. पण ती अर्थातच नेहमी पहाटेच्या अंधारात यायची.

"बाप रे," हारून म्हणाला. "आणि हे तू रोज भुतांना दाखवतेस?"

"रोज नाही. मंगळवारी."

सँडरबीत गाडी थांबली तेव्हा एकाला पाच मिनिटं कमी होती. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टी मारली. बाकीचं हारूनवर सोपवून दोघी बहिणी स्टेशनासमोरच्या रस्त्यावरून लग्नाच्या सभागृहापर्यंत अक्षरशः पळत सुटल्या. दारात बेथनी पांढऱ्या पोशाखात उभी होती आणि सरकारी बाई घड्याळ बघत होत्या.

जाकीट काढायला वेळ नव्हता. जॅनिसने नारिंगी जाकिटातच पोरीचा हात धरला आणि तिला आत नेलं. लोक हसले, मग उठून उभे राहिले. बेथनी रडत होती आणि हसतही होती, आणि जॅनिसचंही तेच.

जेवणानंतर सगळ्यांच्या हातात ग्लास आले. बेव्हने एक जॅनिसपुढे धरला. "आता तरी!"

जॅनिसने ग्लासवर हात ठेवला. बेथनीचा चेहरा उतरला.

"आजसुद्धा नाही? उद्याची ती गाडी इतकी महत्त्वाची आहे?"

ते गुपित उद्यापर्यंत पोटात ठेवायचं जॅनिसने मनोमन ठरवलं होतं. पण पोरीचं ते तोंड तिला बघवेना.

"तुमची गाडी सकाळी कितीची आहे गं?"

"सातची. विमानतळाची. का?"

"फळ्यावर तिच्यापुढे कोणाचं नाव नव्हतं," जॅनिस म्हणाली.

 बेथनीने आईच्या हाताखालचा ग्लास उचलला, एका दमात स्वतःच पिऊन टाकला, किटलीतला चहा त्यात काठोकाठ ओतला आणि तो आईच्या हातात दिला.

"मावशी, हिला कोणी थेंबही देऊ नका," ती डोळे पुसत म्हणाली. "मला विमान पकडायचंय."